फलक हलत नाही

कोट काढून मांडीवर घ्या, नाहीतर घामाने भिजाल. बाहेर ऑक्टोबरचा गारवा आहे, पण आत माणसांच्या श्वासांनीच हवा तापली आहे. डावीकडच्या काकांचं कोपर तुमच्या बरगडीत रुतलंय, उजवीकडच्या आजींच्या किमोनोला कापराचा वास येतोय. जागा आहे टोकियोतलं कोमाझावा, साल 1964. व्हॉलीबॉल पहिल्यांदाच ऑलिंपिकमध्ये आला आहे आणि जपान व सोव्हिएत संघ यांच्या महिला सुवर्णपदकासाठी समोरासमोर आहेत. खाली बघा. धप्प! पडत्या चेंडूसाठी एकीने अंग झोकून दिलं, खांद्यावरून लोळली आणि लगेच उभीही राहिली. फरशीवर आपटणाऱ्या हाडांचा हा आवाज रात्रभर तुमच्या कानात राहील.

जपानच्या संघातल्या बहुतेकजणी ओसाकाजवळच्या काइझुका इथल्या निचिबो कापडगिरणीत नोकरीला आहेत. सकाळी कचेरीत टेबलावर काम, दुपारनंतर कोच हिरोबुमी दाइमात्सु यांच्या हाताखाली सराव, तो पार मध्यरात्रीपर्यंत. कप्तान मासाए कासाई 31 वर्षांची आहे. गिरणगावात वाढलेल्या माणसाला हे दमणं वेगळं समजावून सांगायला नको.

पहिले दोन सेट जपानने घेतलेत, 15-11 आणि 15-8. तिसऱ्यात फलकावर 14-9. आजींनी रुमाल मुठीत आवळलाय. तुम्हीही उठायच्या तयारीत आहात, एक पॉइंट तर हवा आहे!

बसा. इतक्यात काही संपत नाही.

इथे पॉइंट मिळतो तो फक्त सर्व्हिस ज्याच्याकडे आहे त्याला. जपानने सर्व्हिस केली आणि रॅली हरली, तर सोव्हिएत संघाला पॉइंट नाही, नुसती सर्व्हिस मिळते. मग त्यांनी सर्व्हिस करून रॅली जिंकली तरच त्यांचा आकडा पुढे जातो. आणि ती रॅली जपानने जिंकली, तर जपानलाही पॉइंट नाही! फक्त सर्व्हिस परत. म्हणजे घामाने निथळत, जीव तोडून खेळलेली रॅली संपते, टाळ्यांचा कडकडाट होतो आणि फलकावर एक आकडाही बदलत नाही. आपल्याकडे शाळेच्या मैदानावर चुन्याच्या रेघा मारून 15 पॉइंटचा गेम ज्यांनी खेळलाय, त्यांना ‘सर्व्हिस चेंज’ ही आरोळी आठवेल. अंधार पडून चेंडू दिसेनासा व्हायचा, तरी गेम आपला बारा-अकरावरच.

आता बघा काय होतं ते. दहा. अकरा. सोव्हिएत मुली उंच आहेत, त्यांचा स्मॅश हातावर बसला की चामड्याचा फटका वरच्या बाकांपर्यंत ऐकू येतो. सर्व्हिस इकडे येते, तिकडे जाते. टीव्हीवरचा निवेदक पुन्हा पुन्हा सांगतोय, सुवर्णपदकाचा पॉइंट, सुवर्णपदकाचा पॉइंट, आणि तो पॉइंट दर वेळी निसटतोय. बारा. तेरा. 14-13! काकांचं कोपर आता तुम्हाला जाणवतही नाही. घशाला कोरड पडलीय. टोकियो परिसरातल्या टीव्ही असलेल्या घरांपैकी सरासरी 66.8 टक्के घरांत आज हीच मॅच लागली आहे.

आणि मग जपानच्या सर्व्हिसवर एका सोव्हिएत खेळाडूचा हात जाळीपलीकडे जातो. शिट्टी. ओव्हरनेट. 15-13. आजी रडताहेत. त्यांचा रुमाल तुमच्या हातात कसा आला, कोण जाणे.

मला ही जुनी मोजणी मनापासून आवडते. तिच्यात पॉइंट दोनदा कमवावा लागे, आधी सर्व्हिस मिळवून आणि मग ती राखून. हरणाऱ्याला त्यात श्वास घ्यायला जागा होती. पण मॅच किती वेळ चालेल याचा नेम नव्हता आणि टीव्हीला वेळेची खात्री हवी होती. आंतरराष्ट्रीय महासंघाने 1988 मध्ये आधी पाचवा सेट बदलला, पुढे दहा वर्षांनी सगळेच. सर्व्हिस कोणाचीही असो, प्रत्येक रॅलीला पॉइंट. पहिले चार सेट 25 चे, पाचवा 15 चा, दोन पॉइंटची आघाडी हवीच. 2000 च्या सिडनी ऑलिंपिकपासून सगळं जग असंच मोजतं. हा बदल योग्यच होता, हेही मी तितक्याच मनापासून म्हणेन. आता एकही रॅली फुकट जात नाही.

निघण्यापूर्वी फलकाकडे एकदा वळून बघा. प्रत्येक रॅलीला पॉइंट असता, तर 15 च्या या सेटमध्ये 14-9 नंतर जपानने जिंकलेली पहिलीच रॅली शेवटची ठरली असती, आणि 14-13 तुम्हाला बहुधा दिसलंच नसतं.