१२ नोव्हेंबरची मोजणी

गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथे, आमच्या निफाड तालुक्यात, इंग्रजी अमदानीत नांदूर मधमेश्वरचा बंधारा बांधला गेला. पक्ष्यांचा विचार तेव्हा कुणाच्याच मनात नव्हता. दारणा धरणातून सोडलेलं पाणी इथे अडवायचं आणि डाव्या-उजव्या कालव्यांनी कोपरगाव-राहात्याच्या कोरड्या रानात पोचवायचं, एवढाच हिशेब. कालव्यांवर पुढे ऊस उभा राहिला, साखर कारखाने आले. इकडे बंधाऱ्याच्या पाठीमागे दर पुराबरोबर गाळ साचत गेला. बेटं वर आली, पाणकणीस माजलं, कितीतरी ठिकाणी पाणी गुडघाभरच उरलं. पाणी साठवणाऱ्याच्या दृष्टीने हे नुकसान. पण डोकं पाण्यात खुपसून चरणाऱ्या बदकांना असंच उथळ पाणी लागतं. आवर्तन सुटलं की पातळी उतरते, चिखल उघडा पडतो आणि शेकाट्या, तुतवार त्यावर चालू लागतात.

माझे वडील पाटकरी होते. दिवाळी सरली, हरभरा वर आला की "तांबडी बदकं उतरली असतील, चल," म्हणत मला सायकलवर मागे बसवायचे. तांबडी बदकं म्हणजे चक्रवाक. ती लडाख-तिबेटकडून येतात हे मला फार पुढे कळलं. वडिलांना त्यांचा मुलूख माहीत नव्हता, पण वेळ पक्की माहीत होती.

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीला पक्षीतज्ज्ञ डॉ. सालिम अली इथे येऊन गेले आणि त्यांनी या जागेला महाराष्ट्राचं भरतपूर म्हटलं. आमच्याकडे हे शाळेतलं पोरही अभिमानाने सांगतं. १९८६ साली अभयारण्य झालं. जानेवारी २०२०मध्ये राज्यातली पहिली रामसर पाणथळ जागा म्हणून नांदूर मधमेश्वरचं नाव जाहीर झालं. पण राजस्थानातल्या भरतपूरच्या पक्षी उद्यानाशी नातं सांगायचं तर भरतपूरचा सगळा इतिहास मुलांना सांगायला हवा, असं मला शिक्षिका म्हणून नेहमी वाटत आलं.

तिथलं पाणीही माणसानेच अडवलेलं. केवलादेव मंदिराजवळ दगडी फलक आहेत. त्यांवर संस्थानी काळातल्या शिकारींचा हिशेब कोरलाय: तारीख, मानाचा पाहुणा कोण, बंदुका किती, पक्षी किती पडले. थंडी सुरू झाली, उत्तरेकडची बदकं तळ्यावर दाटली की व्हाइसरॉय आणि राजेरजवाडे यायचे. तोही पक्ष्यांच्या येण्याचा सणच होता. फक्त तो बंदुकीने साजरा व्हायचा. सर्वांत मोठा आकडा १२ नोव्हेंबर १९३८चा आहे. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो पाहुणे होते आणि एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. हिमालय ओलांडून हजारो किलोमीटर आलेले जीव मोजून मांडले गेले. सालिम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६चा. म्हणजे ज्या दिवशी त्यांना बेचाळीस वर्षं पूर्ण झाली, त्याच दिवशी भरतपुरात हा विक्रम झाला. तीनच वर्षांनी, १९४१ साली, त्यांचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक आलं आणि बंदूक न उचलता पक्षी ओळखण्याची वाट कितीतरी घरांत उघडली. भरतपूरच्या राजांचा शिकारीचा हक्क १९७२पर्यंत टिकला. १९८२ साली ते राष्ट्रीय उद्यान झालं.

बंदुकीच्या जागी वही येण्याची गोष्ट मात्र त्याआधीची आहे, आणि ती अमेरिकेतली. तिथे नाताळात दोन गट करून शिकारीला जायची रीत होती. ज्या गटाचा ढीग मोठा तो जिंकला. १९०० साली फ्रँक चॅपमन या पक्षीअभ्यासकाने सुचवलं की या वेळी जिवंत पक्षी मोजूया. पहिल्या वर्षी सत्तावीस माणसं बाहेर पडली. आपल्या खंडात पाणपक्ष्यांची जानेवारीतली गणना १९८७मध्ये सुरू झाली, ती अजून चालू आहे. हौशी माणसं, विद्यार्थी, वनरक्षक, गावकरी अशी सगळी मिळून ती करतात.

आणि २०२०पासून महाराष्ट्रात सरकारी पातळीवर पक्षी सप्ताह साजरा होतो, ५ ते १२ नोव्हेंबर. सुरुवात मारुती चितमपल्लींच्या वाढदिवसाने, शेवट सालिम अलींच्या. वनखात्यात उभी हयात घालवलेल्या चितमपल्लींनी पक्षीकोश लिहून पाखरांची मराठी नावं आपल्या हाती दिली. जून २०२५मध्ये ते गेले. भरतपूरच्या फलकावरची तारीख अशी आमच्या सप्ताहाचा शेवटचा दिवस झाली. कुणी ठरवून केलं नसेल. तरी १२ तारखेला मी मुलांना ४,२७३ हा आकडा फळ्यावर लिहून दाखवते आणि मगच आम्ही बंधाऱ्यावर निघतो.

आई-वडील, आज्या, कडेवरची लेकरं असा सगळा गोतावळा बरोबर असतो. मोजणी शिकवायला फार वेळ लागत नाही. थव्याच्या एका कडेचे दहा पक्षी नीट मोजायचे, त्यांनी व्यापलेली जागा डोळ्यांत धरायची आणि तेवढाच तुकडा थव्यावर पुढेपुढे सरकवत न्यायचा. ज्यांनी खळ्यावर नजरेने धान्याचा अंदाज बांधलाय त्या आज्यांचा आकडा बहुतेकदा मुलांपेक्षा नेमका येतो, आणि मला त्याचा मनापासून आनंद होतो.

दुर्बीण हाती आली की मुलं थापट्यावर खिळतात. चोच पुढे रुंद आणि चपटी. ती पाण्याला टेकवून मान डावी-उजवी हलवत तो पुढे सरकतो. कधी चार-सहा जण एकामागे एक गोल फिरून पाणी ढवळतात. चोचीच्या कडांना कंगव्यासारखे बारीक दाते असतात. पाणी बाहेर जातं, किडे आणि बी आत राहतं. नोव्हेंबरात नर अजून मळकट पिसांत असतो, म्हणून पोरं विचारतात, "बाई, चित्रातलं हिरवं डोकं कुठंय?" त्यासाठी जानेवारीत परत यावं लागतं, आणि ती येतात.

काळजीही आहे. गोदावरीतून जलपर्णी वाहत येते आणि बघता बघता उघडं पाणी झाकून टाकते. तिला पोसणारं सांडपाणी वरच्या शहरांतलं, आमच्या सगळ्यांच्या घरांतलं. सप्ताहात घोषणा देताना हेही मोठ्याने बोललं पाहिजे.

माझा एक आग्रह आहे. आपले सगळे सोहळे पक्षी आल्याचे. मे महिन्यात जागतिक स्थलांतरित पक्षी दिन येतो, तोवर आमची थंडीची बदकं कधीच गेलेली असतात. कोण कधी गेलं, हे मात्र फारसं कुणी टिपत नाही. म्हणून शाळेत मी एक जाड वही ठेवली आहे. सप्टेंबरात भुवई बदक पहिल्यांदा दिसलं की तारीख लिहायची; मार्चमध्ये, परीक्षांच्या गडबडीतही, चक्रवाक शेवटचा कधी दिसला ते लिहायचं. शेजारच्या गावांतल्या शाळांनीही अशी वही घालावी. चाळीस पानी चालेल, समासात फक्त पाण्याची पातळी लिहायला जागा सोडा.