हडपसरची एक लस आणि ज्ञानाची जुळणी

मराठीच्या अभ्यासकाला ज्ञानाच्या संघटनाचा विचार करताना प्रथम आठवतात ते श्रीधर व्यंकटेश केतकर. ज्ञानकोशाच्या २३ खंडांसाठी त्यांनी मंडळ स्थापिले, भांडवल उभे केले, लेखक जमविले. विखुरलेले विशेष ज्ञान एकत्र आणणे हे विद्वत्तेइतकेच व्यवस्थेचे काम आहे, हे त्यांनी ओळखले होते. त्याच कामाचे अलीकडचे एक उदाहरण पुण्याच्या पूर्वेस, हडपसरला घडले.

१९९६-९७ मध्ये सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या आफ्रिकी पट्ट्यात मेनिंजायटिसची, म्हणजे मेंदूच्या आवरणाच्या दाहाची, मोठी साथ आली. अडीच लाखांवर माणसे आजारी पडली, सुमारे पंचवीस हजार दगावली. २००१ साली जागतिक आरोग्य संघटना आणि ‘पाथ’ ही संस्था यांनी गेट्स प्रतिष्ठानच्या साहाय्याने लसीचा प्रकल्प हाती घेतला. आफ्रिकेतील आरोग्य-अधिकाऱ्यांचे म्हणणे स्पष्ट होते : मात्रेची किंमत अर्ध्या डॉलरहून कमी हवी. मोठ्या पाश्चात्त्य कंपन्यांना हे परवडणारे नव्हते.

तेव्हा काम वाटले गेले. रोगजंतूच्या आवरणातील शर्करा ॲमस्टरडॅमच्या ‘सिन्को’ कंपनीकडून आली. ती प्रथिनाशी जोडण्याची रीत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या प्रयोगशाळेत सिद्ध झाली होती. धनुर्वाताच्या लसीतील प्रथिन आणि प्रत्यक्ष उत्पादन हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे आले. सायरस पूनावाला यांनी १९६६ साली स्थापिलेल्या या संस्थेचा आरंभच घोड्यांच्या रक्तद्रवापासून धनुर्वाताचे औषध काढण्यातून झाला होता.

परंतु कृतीचा कागद हाती आला म्हणजे विद्या आली, असे होत नाही. हडपसरचे शास्त्रज्ञ अमेरिकेस जाऊन ती रीत स्वतः करून शिकले. प्रयोगशाळेतील कृती कारखान्याच्या मापावर नेण्याचे कौशल्य मात्र येथेच कमवावे लागले. भारतात व नंतर पश्चिम आफ्रिकेत चाचण्या झाल्या, आणि डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत ‘मेनआफ्रिव्हॅक’चे सार्वत्रिक लसीकरण सुरू झाले. ज्या ‘अ’ गटाच्या जंतूंमुळे ती साथ आली होती, त्यांचा आजार पुढील काही वर्षांत त्या पट्ट्यातून जवळजवळ नाहीसा झाला.

आपण साहित्याचे लोक प्रत्येक कृतीला एक कर्ता शोधतो. या लसीला तसा कर्ता सापडत नाही. मला मात्र सर्वांत महत्त्वाचे वाटते ते त्या आरोग्य-अधिकाऱ्यांचे ज्ञान. आपल्या तिजोरीत किती आहे आणि आपल्या लोकांना काय परवडेल, हे ते जाणत होते. ते ज्ञान शास्त्राच्या ग्रंथांतले नव्हते. तरीही बाकीचे सारे ज्ञान कोठून आणावे आणि कोठे जोडावे, हे त्यानेच ठरविले. ज्ञानाच्या इतिहासात शोध लावणाऱ्यांची नावे आपण आवर्जून नोंदवितो. ज्यांच्या गरजेने त्या शोधाला दिशा दिली, त्यांच्यासाठीही त्यात एक ओळ असावयास हवी.