शेवटची शंभर पावले : काँग्रेस रेडिओ आणि दिशाशोधाची गोष्ट

१/ ९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत काँग्रेसचे नेते पकडले गेले. वृत्तपत्रांवर कडक बंधने आली. त्याच महिन्यात ४२.३४ मीटरवर एक गुप्त आवाज उमटला : काँग्रेस रेडिओ. आघाडीवर होत्या २२ वर्षांच्या उषा मेहता.

२/ ४२.३४ मीटर म्हणजे सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झ. आज हा हौशी रेडिओचा ४० मीटरचा पट्टा. महायुद्ध सुरू होताच १९३९ मध्ये हौशी परवाने रद्द झाले होते. काँग्रेस रेडिओचा प्रेषक उभारला तो अशाच एका माजी परवानाधारकाने, नरिमन प्रिंटरने.

३/ पोलिसांच्या दिशाशोधक गाड्या मागावर होत्या. वेटोळ्याची अँटेना फिरवली की एका कोनात आवाज सर्वांत क्षीण होतो; त्यावरून दिशेची रेषा मिळते. निरनिराळ्या ठिकाणांहून काढलेल्या रेषा छेदतात, तिथे प्रेषक. म्हणून केंद्र चौपाटी, लॅबर्नम रोड, सँडहर्स्ट रोड असे बिऱ्हाड बदलत राहिले.

४/ पण परिसर सापडणे वेगळे आणि दार सापडणे वेगळे. अगदी जवळ संकेत इतका प्रबळ होतो की रिसीव्हर गुदमरतो. मापकाचा काटा सर्व दिशांना सारखाच टोकाला जातो.

५/ अंधेरी-घाटकोपरच्या दाट इमारतींत लपवलेला प्रेषक खेळ म्हणून शोधणाऱ्या हौशींपुढेही हाच पेच असतो. त्यावरचा घरगुती उपाय म्हणजे अटेन्युएटर, अर्थात संकेत मोजून-मापून क्षीण करणारी डबी.

६/ सिग्नलच्या वाटेत २४० ओहमचा एक रोधक, त्याच्या दोन्ही टोकांपासून जमिनीकडे ६२ ओहमचा एकेक. एवढ्याने सुमारे २० डेसिबल घट, म्हणजे शक्तीचा शंभरावा हिस्सा उरतो. असे तीन टप्पे जोडले की दहा लाखावा. प्रत्येक टप्प्याला स्विच, मध्ये तांब्याच्या पत्र्याचे पडदे. रिसीव्हरही धातूच्या पेटीत हवा, नाहीतर संकेत डबीला वळसा घालून थेट आत शिरतो.

७/ १९४२ मध्ये मात्र शेवटची शंभर पावले एका माणसाने दाखवली. प्रेषक उभारणारा प्रिंटरच पोलिसांना फितूर झाला. १२ नोव्हेंबरला गिरगावातील पारेखवाडीत ‘वंदे मातरम्’ची तबकडी वाजत असताना पोलीस आत घुसले.

८/ केंद्र बंद पडले, पण त्या दारापलीकडची नावे उषाताईंकडून फुटली नाहीत. अनेक महिने चौकशी झाली, ४ वर्षांची शिक्षा झाली. न्यायालयातही त्यांनी मौन सोडले नाही. हवेतला आवाज यंत्राला मोजता येतो, हे मौन मोजणारा काटा सरकारकडे नव्हता.