सांगणे हा कथेचा दोष नव्हे

कथालेखनाच्या शिबिरांत नवोदितांना हमखास मिळणारा उपदेश म्हणजे ‘दाखवा, सांगू नका’. ‘तो चिडला’ असे लिहू नये, त्याने ताट सरकवले असे लिहावे. निष्कर्ष वाचकाला काढू द्यावा. विशेषणांनी ओथंबलेल्या गद्यावर हा उतारा गुणकारी आहे, हे मान्यच. माणसे वागण्या-बोलण्यातून कशी उभी करावीत, हे व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) पाहावे. पण पुढे उताऱ्याचा नियम झाला आणि सांगणे हा कथेतला दोषच ठरला. हे मत टिकणारे नाही.

एक तर त्याला जन्मकाळ आहे. हेन्री जेम्सच्या कादंबऱ्यांत आदर्श पाहणाऱ्या पर्सी लबकने १९२१ मध्ये ‘द क्राफ्ट ऑफ फिक्शन’ लिहिले आणि दाखवण्याला कादंबरीकलेत मानाचे स्थान दिले. मात्र प्रसंगचित्रण आणि काळाचा विस्तृत पट मांडणारे निवेदन हे दोन्ही मार्ग त्याने ओळखले होते. कादंबरीकार थॅकरेचे सामर्थ्य दुसऱ्या मार्गात आहे, हेही त्याने जाणले. अनुयायांनी अर्धाच विचार उचलला. १९६१ मध्ये वेन बूथने ‘द रेटरिक ऑफ फिक्शन’मध्ये या कर्मठपणाचे सविस्तर खंडन केले. कोणता प्रसंग दाखवायचा आणि कोणता गाळायचा, या निवडीतच लेखकाचा निवाडा असतो. निव्वळ दाखवणारा लेखक संभवतच नाही.

आता मराठीकडे पाहू. हरि नारायण आपट्यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो?’मध्ये यमू आपली कहाणी स्वतः सांगते: बालपण, सासर, वैधव्य, सक्तीचे केशवपन. एकोणिसाव्या शतकातल्या वाचकाला ही दृश्ये घरोघरी दिसत होती आणि सवयीची झाली होती. भोगणारीने मागे वळून त्यांचा अर्थ लावणे, हे नवे होते. कादंबरीचे बळ त्या सांगण्यात आहे.

‘कोसला’ कादंबरीत (१९६३) निवेदक पांडुरंग सांगवीकर महिनेच्या महिने चार वाक्यांत उडवतो, ‘वगैरे’ म्हणून विषय तोडतो. बहिणीच्या, मनीच्या मृत्यूपाशी मात्र त्याला तसे निसटता येत नाही. तो कुठे घाई करतो आणि कुठे अडतो, यावरून आपल्याला त्याचे मन कळते. सगळ्याचे प्रसंग केले, तर वसतिगृहातल्या घटना उरतील आणि पांडुरंग हरवेल.

काळ आवळणे, घडलेल्याचा अर्थ लावणे, माणसाचा आवाज ऐकवणे ही कामे निवेदनाइतकी सहज प्रसंगाला जमत नाहीत. सपाट निवेदन वाईटच. पण निरर्थक संवादांनी भरलेला प्रसंगही तितकाच वाईट. म्हणून हस्तलिखितातले ‘सांगणे’ खोडण्याआधी शिबिरचालकांनी आणि संपादकांनी विचारावे: हे कोण सांगते आहे, आणि त्याला ते सांगितल्यावाचून का राहवत नाही? याचे उत्तर मजकुरात सापडत असेल, तर लेखकाने निःशंक सांगावे.