ताडी, मोह आणि अबकारी

गेल्या काही वर्षांत पुण्या-मुंबईत लहान मद्यशाळा निघाल्या आहेत. तिथला एखादा हिकमती कारागीर दहा-बारा तऱ्हेच्या बिअर करतो आणि गिऱ्हाइके एकेक घोट घेऊन त्या पारखतात. कुठे भाजलेल्या जवाचा कडवटपणा, कुठे फळाचा वास. माल्ट, हॉप्स, तापमान आणि किण्वाची जात बदलली की चव बदलते. म्हणजे खरा कारागीर किण्व, यीस्ट. माणूस फक्त त्याच्यापुढे काय वाढायचे ते ठरवतो.

पेण-रोह्याच्या खारेपाटात आणि डोंगरउतारावर या किण्वापुढे दोन गोष्टी पूर्वापार वाढून ठेवलेल्या होत्या: ताड-शिंदीचा रस आणि मोहाचे फूल. दोघांतही साखर भरपूर. पण एक पदार्थ टिकत नाही आणि दुसरा टिकतो. एवढ्या फरकातून इंग्रजी अमलातले अबकारीचे कायदे कसे घडले, हे पाहण्यासारखे आहे.

आधी ताडीचे पाहू. ताडाची पोय कापून तिला मडके बांधले की रात्रभर रस ठिबकतो. त्यात दहा-बारा टक्के साखर असते. मडक्याला आतून चुना लावलेला असेल तर रस आंबत नाही. पहाटे उतरवलेली ती गोड नीरा. चुना नसेल तर मडक्यातली कालची किण्वे आणि हवेतले, पोयीवरचे सूक्ष्मजीव लगेच कामाला लागतात. सकाळी गोडसर, किंचित फसफसणारी, दुपारी आंबटगोड आणि जिभेला झोंबणारी, संध्याकाळपर्यंत कडक. सामू सातच्या आसपासून चारच्या आसपास उतरतो, अल्कोहोल चार-पाच टक्क्यांवर जाते. दुसऱ्या दिवशी अॅसिटिक आम्ल करणारे जीवाणू अल्कोहोलवर ताव मारू लागतात आणि मडक्यात शिरका तयार होतो. एकाच झाडाच्या एकाच मडक्यात एवढ्या चवी, आणि त्याही घड्याळाच्या काट्यावर! (वर्गात दाखवायचे तर गुळाच्या पाण्यात बेकरीतले यीस्ट घालून बाटलीच्या तोंडाला फुगा लावावा. ताडी आणायची गरज नाही.)

युरोपात याच सुमारास बिअरचे नासणे आटोक्यात येत होते. पाश्चरचा बिअरवरचा ग्रंथ १८७६ साली निघाला. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत हान्सेनने १८८३ मध्ये एकाच पेशीपासून किण्वाची शुद्ध जात वाढवली. हॉप्स घालून उकळलेली आणि शुद्ध किण्वाने आंबवलेली बिअर पिंपात टिकते, आगबोटीने दूर जाते. अशा मालावर सरकारने कारखान्याच्या दारातच कर बसवावा, काम सोपे.

ताडीला कारखाना नाही. ती दिवसभरात गावातच प्यावी लागते. मग तिच्यावर कर बसवणार कुठे? मुंबई इलाख्यात १८७८ चा अबकारी कायदा आला, त्याचे उत्तर सरळ होते: झाडावर. जितकी झाडे छेदायची तितक्या झाडांचा कर भरायचा. रस किती उतरला, किती नासला, हे भंडाऱ्याने पाहावे. पाऊस लांबला, झाड आटले, तरी कर तोच. नासण्याचा सगळा धोका असा चढणाऱ्यावर पडला. आमच्या मते ही त्या कायद्यातली सर्वांत हुशार आणि सर्वांत निष्ठुर गोष्ट.

मोहाचे गणित उलटे. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे फुले गळतात, ती वेचून वाळवली की वर्षभर राहतात. वाळल्या फुलात निम्म्याहून अधिक साखरच. कातकरी, ठाकूर ती भाजून, शिजवून खात, आणि भिजवून आंबवून दारूही गाळत. भट्टीला लागते काय? मडकी, नळी आणि थंड पाणी. अल्कोहोल ७८ अंशांना उकळते, पाणी १०० ला. तेवढ्या अंतरावर सगळे चालते. गाळलेली दारू नासत नाही, म्हणून ती एका जागी करून दुकानोदुकानी पाठवता येते. ती जागा म्हणजे उरण. पारशी मालकांच्या भट्ट्या तिथे होत्या. त्यांच्यासाठी पंचमहालातून मोहफुले येत, आणि त्यांची दारू मुंबईत खपे. रानातल्या कातकऱ्याची मडक्याची भट्टी मात्र गुन्हा ठरली.

तरी चोरून दारू गाळणे थांबेना, कारण कच्चा माल अंगणात पडत होता. तेव्हा सरकारने आणखी एक पायरी मागे जाऊन फुलालाच हात घातला. १८९२ च्या मोह कायद्याने ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांत मोहफुले बाळगणे, विकणे, नेणे यांवर निर्बंध आणले. पेण आणि रोहा दोन्ही कुलाब्यातले तालुके. ज्या घरात फुलांची टोपली उन्हाळ्याची बेगमी म्हणून ठेवलेली असे, तिथे आता तीच टोपली पुरावा होऊ शकत होती. फुलाकडे पाहून ते पोटासाठी आहे की भट्टीसाठी, हे शिपायाला कसे कळावे? साखरेवर तसे काही लिहिलेले नसते.

इंग्रज गेले, पण फूल सुटले नाही. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यातही मोहफुलांची स्वतंत्र व्याख्या आणि त्यांच्यावरची बंधने आली. महाराष्ट्र शासनाने मोहफुले गोळा करण्यावरची, साठवण्यावरची आणि वाहतुकीवरची बंधने उठवली ती २०२१ साली.