मतासाठी चुंबन : जॉर्जियन लंडनमधल्या व्यंगचित्रांविषयी

अठराव्या शतकाच्या अखेरीची लंडनची व्यंगचित्रं पाहताना आपण हसतो आणि पान उलटतो. आज जरा थांबू या. चित्रातल्या बाईचा नेमका गुन्हा कोणता, एवढंच विचारू.

१७८४ सालची वेस्टमिन्स्टरची निवडणूक घ्या. जागा दोन, उमेदवार तीन, आणि मतदान चाललं १ एप्रिल ते १७ मे. स्थानिक कर भरणाऱ्या घरवाल्या पुरुषांना इथे मत होतं, म्हणजे खाटीक, दुकानदारसुद्धा मतदार. चार्ल्स जेम्स फॉक्ससाठी डेव्हनशरची डचेस जॉर्जियाना त्यांच्या दारोदार फिरली. लगेच बोभाटा झाला, की ही मतामागे चुंबन देते! टॉमस रोलंडसनने त्याच महिन्यात तिला खाटकाच्या मिठीत दाखवलं. चुंबन झालं की नाही, हा वाद आपण सोडून देऊ. ती फॉक्सची बाजू काय म्हणून मांडत होती, याचा त्या चित्रात मागमूस नाही. फॉक्स २३६ मतांनी तगला. विरोधी बाजूने श्रीमती हॉबर्ट प्रचार करत होत्या. त्यांची टवाळी झाली लठ्ठपणावरून. दोघींचं राजकारण बाजूलाच राहिलं.

याच हॉबर्टबाई पुढे बकिंगहॅमशरच्या काउंटेस झाल्या आणि घरी फॅरो नावाच्या पत्त्यांच्या जुगाराचा अड्डा चालवू लागल्या. १७९६ मध्ये सरन्यायाधीश केन्यन यांनी बजावलं, की अशा स्त्रिया कितीही मोठ्या घरच्या असोत, खोड्यात उभ्या करू. जेम्स गिलरेने त्यांना आणि लेडी आर्चरला चित्रात खोड्यात उभं केलंच. (ते छापून विकलं हॅना हंफ्री या बाईने, हेही ध्यानात असू द्या.) प्रत्यक्षात पुढच्या वर्षी काउंटेसला ५० पौंड दंड झाला, बस्स. हे व्यंगचित्र आम्हाला रास्त वाटतं, कारण इथे निदान बाईने केलेल्या कृत्यावर बोट आहे.

आता १७८२ चा वर्स्ली खटला. सर रिचर्ड वर्स्लीची बायको कॅप्टन बिसेटबरोबर निघून गेली. नवऱ्याने बिसेटवर २०,००० पौंडांचा दावा लावला. त्या काळच्या कायद्यात परस्त्रीगमन म्हणजे नवऱ्याचं झालेलं नुकसान, जणू कोणी त्याची गाय पळवली. पण साक्षीत भलतंच निघालं. मेडस्टोनच्या स्नानगृहात बायको कपडे घालत असताना नवऱ्यानेच बिसेटला खांद्यावर चढवून खिडकीतून तिला दाखवलं होतं. ज्यूरीने भरपाई दिली एक शिलिंग!

गिलरेने तोच क्षण काढला. नवरा खाली वाकलेला, वर बिसेट, आत ती. शीर्षकातली आडनावावरची कोटी नवऱ्यालाच लुच्चा ठरवते, म्हणून काही जण याला बाईच्या बाजूचं चित्र समजतात. आम्हाला ते पटत नाही. त्या खटल्यात नवरा वादी आणि बिसेट प्रतिवादी होता. लेडी वर्स्ली त्यात पक्षकारच नव्हती. स्वतःची बाजू मांडायला तिला जागा नव्हती. आणि गिलरेचं चित्र विकत घेणाऱ्याने काय केलं? बिसेटने पाहिलं तेच, त्याच खिडकीतून पाहिलं.