मोंतायू : जबान्यांतून बोलणारे गाव

पिरेनीज पर्वतरांगांत, सुमारे तेराशे मीटर उंचीवर, मोंतायू नावाचे फ्रेंच खेडे आहे. चौदाव्या शतकाच्या आरंभी तिथे जेमतेम अडीचशे माणसे राहत होती. मेंढरे आणि थोडीफार शेती यांवर त्यांची गुजराण चाले. पुष्कळ घरांत कॅथार पंथ रुजलेला होता. दृश्य सृष्टी सैतानाची करणी मानणारा हा पंथ चर्चच्या लेखी पाखंडी होता. पामियेचे बिशप झाक फुर्निये यांनी १३१८ ते १३२५ या काळात इन्क्विझिशनच्या, म्हणजे पाखंड शोधून काढणाऱ्या चर्चच्या चौकशीच्या, कामी संशयितांच्या कसून जबान्या घेतल्या. पुढे १३३४ मध्ये ते बारावे बेनेडिक्ट या नावाने पोप झाले आणि त्यांचे दप्तर व्हॅटिकनच्या ग्रंथालयात टिकले. गोव्याच्या इन्क्विझिशनची बहुतेक कागदपत्रे नष्ट झाली आहेत. त्यामुळे असे दप्तर हाती लागणे किती दुर्मीळ, हे आपल्याला सहज उमगावे.

या जबान्यांच्या आधारे फ्रेंच इतिहासकार एमान्युएल ल रुआ लादुरी यांनी १९७५ मध्ये मोंतायूवर ग्रंथ लिहिला. त्यात पाखंडाइतकेच महत्त्व रोजच्या जगण्याला आहे. बायका उन्हात बसून आपल्या माणसांच्या उवा काढतात आणि त्या निवांतपणात पंथाच्या गोष्टी निघतात. क्लेर्ग कुटुंबाचा कर्ता पोंस वारल्यावर घराचे भाग्य त्याच्याबरोबर जाऊ नये म्हणून त्याचे केस आणि नखे जपून ठेवली जातात. त्याचा एक मुलगा प्येर गावचा पाद्री. तो आतून कॅथारांचा, बाहेरून इन्क्विझिशनचा खबऱ्या, शिवाय बेआत्रीस द प्लानिसोल या सरदार घराण्यातील विधवेचा प्रियकर. प्येर मोरी हा मेंढपाळ मात्र मला सर्वांत जवळचा वाटतो. हिवाळ्यात कळप घेऊन कातालोनियात उतरणाऱ्या या माणसाला घरदार नव्हते, पण मैत्री जपण्याची जाण मोठी होती.

इथे सावध राहायला हवे. ही माणसे ऑक्सितान भाषेत बोलली, लेखनिकांनी ते लॅटिनमध्ये उतरवले. आणि बोलणाऱ्याच्या डोक्यावर कैदेची टांगती तलवार होती. लादुरींनी या दबावाचे भान पुरेसे ठेवले नाही, हा त्यांच्यावरचा आक्षेप मला रास्त वाटतो. तरीही सामान्य शेतकऱ्याच्या मनात शिरण्याची अशी वाट मध्ययुगीन युरोपात क्वचितच सापडते.

या अभ्यासाकडे नव्याने वळणाऱ्यांनी लादुरींच्या ग्रंथापाशी थांबू नये. झाँ द्युव्हर्नुआ यांनी संपादित केलेले मूळ दप्तर १९६५ मध्ये छापले गेले आहे, त्याचा फ्रेंच अनुवादही आहे. एक तरी जबानी सलग वाचा, आणि प्रत्येक उत्तरामागचा प्रश्न कोणता असेल, हे स्वतःला विचारा.